टाळू भरताना

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर धूर आहे.

घाबरू नका, आग लागलेली नाही. लालबागमधली तीन मजली चाळ, तिचा दुसरा मजला. जिन्याला लागून असलेल्या खोलीत शेगडीच्या निखाऱ्यांवर कुणीतरी ओवा, बाळंतशेपा आणि चिमूटभर ऊद टाकला आहे. त्याचा धूर दाराच्या वरच्या फटीतून गॅलरीत येतो आणि रातपाळीच्या सवयीने गॅलरीत अजून झोपलेले गडी झोपेतच नाक खाजवतात. सकाळचे नऊ वाजलेत. नळ गेलाय, पिंपं भरलीत, चाळीला जरा उसंत आहे. आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत, पाटावर, एक बाई बसली आहे. लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं, दोन्ही पाय समोर सरळ पसरलेले. त्या दोन पायांच्या मधल्या पन्हाळीत अठरा दिवसांचा एक मुलगा उताणा पडून छताकडे बघतो आहे.

ही दुर्गा घाडी. वय छत्तीस. देवगडकडची. नवरा रामू गिरणीत साचेखात्यात, मागावर, मुलगी सुनंदा सोळा वर्षांची. आणि दुर्गाचा हात म्हणजे चाळीच्या बायकांच्या बोलण्यातला सोन्याचा हात. या चाळीत आणि शेजारच्या दोन चाळींत जन्मलेलं पोर आधी आईच्या मांडीवर जाई, मग दुर्गाच्या पायांवर. पाणी ती कोपराने बघायची, एकदाच. डावा तळवा बाळाच्या कपाळावर छपरासारखा धरायचा, उजव्या हाताने तांब्या सोडायचा. डोळ्यांत थेंब जायचा नाही. पोरं तिच्या पायांवर रडत नसत, जांभया देत. बाळाची आई दारात उभी राहून म्हणे, "काकी, मला पण घाला हो न्हाऊ." त्यावर दुर्गाचं ठरलेलं उत्तर, "पायार मावशील तर ये गो."

आंघोळ झाली, अंग पुसलं, की शेवटचं काम टाळू भरण्याचं. तान्ह्या बाळाच्या माथ्यावरची हाडं अजून जुळलेली नसतात. मधे रुपयाएवढी एक जागा मऊ राहते, आणि नीट बघितलं तर कातडीखाली जीव उडताना दिसतो. तिथे कोमट खोबरेल जिरवायचं. दुर्गा तळव्याने तेल थोपटून झालं की शेवटी उजव्या अंगठ्याने ते हळूच पसरायची. वरळी कोळीवाड्याच्या गंगुबाईने तिला हे शिकवलं होतं. गंगुबाई म्हणायची, पिकल्या केळ्यावरून माशी चालते तेवढाच भार.

त्या सकाळी पायांवर होता तो शेजारच्या नलूचा पहिला मुलगा. साल छप्पन, महिना जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवर सांगून झालं होतं आणि लालबाग-परळ पेटलं होतं. गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, नाक्यावर पोलिसांच्या गाड्या. रामू आदल्या दिवशी अश्रुधुराने डोळे लाल करून आला होता आणि "मुंबई आमचीच" असं पाण्याच्या पिंपाला सांगत बसला होता. पण बाळाला काय त्याचं? बाळाची आंघोळ चुकत नाही.

दुर्गाने मुलाला पुसून मांडीवर घेतलं. टाळूवर तेल थोपटलं. अंगठा ठेवला. आणि नाक्यावर गोळी सुटली.

एकच. मग लागोपाठ तीन. खिडकीची काच थरथरली, नलूने किंकाळी फोडली, गॅलरीतले झोपलेले गडी धडपडत आत आले. दुर्गा दचकली. बाळ दचकलं नाही. त्याने ओठ चोखले आणि डोळे मिटले. काही झालं नव्हतं. अंगठा होता तिथेच होता, माशीच्या भाराने.

पण दुर्गाने खाली अंगठ्याकडे बघितलं आणि तिच्या मनात आलं, आत्ता दचकून हा आत गेला असता तर?

बस, एवढंच. असं कुणाच्याही मनात येईल, आणि येऊन जाईल. दुर्गाच्या मनात ते आलं आणि गेलं नाही. तेलाचा हात पदराला पुसत ती उठली, तेव्हा तेच वाक्य जरासं बदलून पुन्हा आलं. आता त्यात "असता तर" नव्हतं. आता ते नुसतंच म्हणत होतं, दाब.

दुसऱ्या दिवशी पाणी तापलं तेव्हा तिने कोपराने दोनदा बघितलं. तिसऱ्या दिवशी चारदा. कडेने नलूची सासू म्हणाली, "अगो, पाणी निवलां, पोराक काय बर्फात घालतंस?" पाणी पुन्हा तापवलं, दुर्गाने पुन्हा बघितलं. पाणी हा बहाणा होता. पाणी बघेपर्यंत पोर पायांवर घ्यावं लागत नव्हतं. आणि पोर पायांवर आलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राही. तिचाच हात, तिचाच अंगठा, त्याच मऊ जागेवर. आणि मग पुढचं. पुढचं चित्र लिहायला नको. दुर्गाला ते रोज सकाळी बघावं लागे, तेवढं पुरे.

ती चित्राला हाकलायची. रामरक्षा सुनंदाच्या शाळेच्या पुस्तकातून पाठ केली होती, ती म्हणायची. पण ज्याला हाकलायचं त्याच्याकडे आधी बघावं लागतं ना? तिने जितकं हाकललं तितकं ते ठळक झालं. विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरने भलत्याच नाटकाची वही उघडावी आणि ऐन प्रवेशात तिच्या कानात तीच ओळ पुन्हा पुन्हा पुरवावी, तसं. नटीला ती ओळ बोलायची नाही. पण ती ऐकू येणं बंद होत नाही. आणि घाम फुटलेली नटी हळूहळू असं समजू लागते की ही ओळ माझीच असणार, नाहीतर मलाच का ऐकू येते?

हेच ते. इथेच दुर्गा फसली. मनात आलं म्हणजे ते आपल्याला करायचंच असणार, असं तिने धरलं. आयुष्यात मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकणारी ही बाई स्वतःला खुनी समजू लागली, खून न करताच.

मग ती नलूला विचारू लागली. "बाळ बरां आसा ना?" नलू म्हणायची, "आहे की." अर्ध्या तासाने पुन्हा. दुपारी पार्टिशनला कान लावून बसायची, रडू ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा. पण तो भांड्यात तासभरसुद्धा टिकत नसे. नलू हसून म्हणाली, "काकी, माझ्यापेक्षा तुमचाच जीव जास्त गुंतलाय याच्यात." दुर्गाने त्या दिवशी मोरीचं दार लावून तोंडात पदर कोंबला.

उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शांताची मुलगी डांग्या खोकल्याने गेली. चार महिन्यांची. दुर्गाने तिला चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं. सगळी चाळ रडली, दुर्गा रडली नाही. ती पायरीवर उभी राहून हिशेब जुळवत होती. मी कधी जोरात धरली होती का? टाळू भरताना कधी काही झालं होतं का? तिने शांताच्या दारात जाऊन विचारायचं ठरवलं. गेलीही. शांताने तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "दुर्गाकाकी, तुमच्या हाताला किती हसायची हो ती!" दुर्गा तिथून परतली आणि घरी येऊन जुन्या धोतराची एक चिंधी फाडली. ती उजव्या अंगठ्याला घट्ट गुंडाळली. दात लावून गाठ मारली.

"काय झालं काकी अंगठ्याला?"

"नखुरडां."

ते नखुरडं पुढे चार वर्षं बरं झालं नाही.

आता, वाचणाऱ्याला वाटेल, कुणाला सांगितलं का नाही तिने? सांगायला गेली होती. परळच्या एका धर्मादाय दवाखान्यात रांग लावून डॉक्टरांपुढे बसली. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "काय होतंय बाई?" दुर्गाने तोंड उघडलं. "डॉक्टर, माझ्या मनात" इथपर्यंत आली. मग भिंतीवर टांगलेल्या चित्रातलं गुटगुटीत बाळ तिच्याकडे बघून हसलं, आणि ती म्हणाली, "अंगठा दुखतो." डॉक्टरांनी चिंधी सोडून बघितलं. अंगठा छान होता. त्यांनी मलम लिहून दिलं.

आज याला नाव आहे. आज कुणी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेलं तर तो म्हणेल, हा ओसीडी, याचा एक प्रकार असा असतो की सगळं डोक्यातच चालतं, आणि चांगल्या, हळव्या, जबाबदार माणसांना नेमक्या त्यांच्या जिवापाड जपलेल्या गोष्टीबद्दलच हे विचार छळतात. औषध आहे, उपाय आहे. जुन्या लोकांजवळ मंत्रचळ असा एक शब्द होता, पण तो वापरायचे सोवळ्यात दहादा हात धुणाऱ्या विधवेसाठी. तिचं दिसायचं. दुर्गाचं काय दिसणार? एक चिंधी.

शेवटी ती आपल्या माणसांच्या वाटेने गेली. घाडी म्हणजे गावदेवापुढे गाऱ्हाणं घालणारं घराणं. थोरले दीर कुशाबा मुंबईत गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, पण देवापुढे उभे राहिले की आवाज गावचा. दुर्गाने त्यांना एवढंच सांगितलं, "भावोजी, माझ्या हातात काय तरी शिरलां." का, कसं, काही नाही. कुशाबांनी रविवारी सकाळी चाळीतली गाववाली मंडळी जमवली, नारळ ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीच्या हातात जा काय वायट शिरला आसा, ता सात समुदरापलीकडे घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दहा गळे एकदम ओरडले. खालच्या चहावाल्यानेसुद्धा सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

आणि मग कुशाबांनी अगदी मायेने ती चूक केली, जी तेच करू शकत होते. दुर्गाच्या मनगटाला काळा दोरा बांधून त्यांनी सांगितलं, "गावाक जावन नवस फेडीपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पाय घालू नको. तान्ह्या पोराक शिवू नको. काय ता इषाची परीक्षा कित्या?"

दुर्गाने दोऱ्याकडे बघितलं. म्हणजे खरंच आहे. देवाच्या माणसानेसुद्धा सांगितलं, शिवू नको. आतापर्यंत ती भीती तिची एकटीची होती. आता तिच्यावर दहा माणसांचं "व्हय म्हाराजा" बसलं. गिरणीच्या सुट्ट्या, रामूची चळवळ, सत्याग्रहात गेलेले त्याचे तीन महिने, या ना त्या कारणाने गावाला जाणं काही झालं नाही. दोरा झिजला, दुसरा बांधला. दुर्गा सुईच्या टोकावर जगल्यासारखी जगली. ट्राममध्ये बाळ घेतलेली बाई शेजारी बसली की ती उठून उभी राही. नारळ खवताना, भाताची पेज काढताना, अंगठा कुठेही टेकला की ते वाक्य येई. नलूच्या मुलाला बोलता येऊ लागलं, तो धावत येऊन "दुगाकाकी" म्हणून पायांना मिठी मारी, आणि ती दोन्ही हात वर धरून उभी राही, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखी. मुलाला तो खेळ वाटे.

अठ्ठावन्न साली सुनंदाचं लग्न झालं, डोंबिवलीला दिली. साठ साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

हा खरा तिसरा अंक. चैत्रात सुनंदाला मुलगा झाला. सगळी चाळ दुर्गाच्या दारात जमली. "आता बघू कसं नखुरडं राहतं ते!" राधाबाई, खालच्या मजल्याची, ती तर खोडकरपणे म्हणाली, "आजीच्या पायांवर नातू नाही म्हणजे काय, लोकमान्यांच्या गिरगावात गणपती नाही!" सुनंदा खाटेवरून आईकडे बघत होती. तिला लहानपणापासून एकच हौस होती, आपलं बाळ आईच्या पायांवर जांभई देताना बघायची.

दुर्गा म्हणाली, "हात भरान येता गो माझो. गंगुबाईक बोलावया."

सुनंदाने तोंड भिंतीकडे केलं. रात्री रामूला ती म्हणाली, "बाबा, आईला माझं बाळ आवडलं नाही." ते दुर्गाने ऐकलं. ऐकून ती दारातून मागे झाली, आणि गॅलरीत कठड्याला हात धरून उभी राहिली. चार वर्षं तिने पोरांना स्वतःपासून वाचवलं होतं. आज तिला कळलं की लेक तिच्या हातातून सुटत चालली आहे, आणि तिला थांबवायचं तर खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं तर लेक कायमची जाईल.

दुसऱ्या दिवसापासून गंगुबाई येऊ लागली. सत्तरीची कोळीण, कानात जड बुगड्या, आवाज बाजारचा. पाटावर बसताना गुडघे असे वाजत की बाळ दचके. ती रोज बघत होती. दुर्गा पाणी आणून द्यायची, टॉवेल आणून द्यायची, तेल कोमट करून वाटी सरकवायची. पण मोरीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल घालायची नाही. आणि बाळाकडे बघताना आपला उजवा हात पदराखाली डाव्या हाताने असा घट्ट धरायची की नखं पांढरी पडत. आंघोळ झाली की विचारायची, "मावशी, बाळ बरां ना? टाळू बरी आसा ना?" पाचदा, सातदा.

सहाव्या दिवशी गंगुबाईने बाळ सुनंदाकडे दिलं आणि दुर्गाला मोरीतच खाली बसवलं. दार ओढून घेतलं.

"सोड ती चिंधी."

"मावशी, नखुरडां..."

"नखुरडा चार वरसं? मना काय येडी समजतेस गो? सोड."

दुर्गाने सोडली नाही, म्हणून गंगुबाईने स्वतः सोडली. आत अंगठा पांढराफटक, सुरकुतलेला, पाण्यात राहिल्यासारखा. बाकी धडधाकट. गंगुबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने आवाज खाली आणला. या बाईला एवढा हळू आवाज काढता येतो हे दुर्गाला ठाऊक नव्हतं.

"काय दिसतंय तुला?"

दुर्गाने जमिनीकडे बघत सांगितलं. पहिल्यांदाच, जगात कुणाला तरी. सगळं, पुढच्या चित्रासकट. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली. आता ही उठेल. सुनंदाला सांगेल. बाळाला घेऊन पळा म्हणेल.

गंगुबाई उठली नाही. मोरीच्या दगडी उंबऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "तुझा अंगठा. माझा हा."

"काय?"

"उंबरा. पोर हातात घेतला की मना हा दिसतो. आपटतेय म्हणून. माझ्या पहिल्या पोरापासून. पन्नास वरसं झाली."

दुर्गाने उंबऱ्याकडे बघितलं. "आणि... अजून?"

"कालच दिसला. ह्याच पोराला धरला तवा."

"आणि तरी तू त्येका न्हाऊ घातलंस?"

"मग काय करू? उंबऱ्याला पण घातला न्हाऊ. तो बघ, कसा चकचकीत हाय." ती हसली, दात नसलेलं हसू. मग हसू थांबवून म्हणाली, "ऐक, बाय. पोर पडला तरी चालेल असा जिला वाटतो, तिला असला काय दिसत नाय. ती पाणी बघतच नाय, तांब्या ओतते नि मोकळी होते. आपल्याला दिसतो, कारण आपला जीव त्या टाळूत असतो. मनात काय येतो तो आपल्या हातात नाय. हात आपल्या हातात हाय. तुझ्या हाताने चार वरसांत कुणाला धक्का लावला?"

"मी शिवलंच नाय कुणाक!"

"आणि आधी? दाब दाब करीत होता तेव्हा?"

दुर्गाला आठवलं. नलूच्या मुलाला तिने पुढे तीन आठवडे न्हाऊ घातलं होतं. रोज दाब ऐकत. तो आता गॅलरीत गोट्या खेळत होता.

"उद्यापासून तू बसायचा," गंगुबाई म्हणाली. "मी बाजूला. त्याला घालवायचा नाय. येऊ दे. बडबडू दे. पाणी कोपराने एकदा बघायचा, दुसऱ्यांदा हात वर केलास तर कोपर मोडीन. आणि बाळ बरा हाय ना, हा मला विचारायचा नाय." दार उघडून तिने सुनंदाकडे बघितलं. "तू पण सांगायचा नाय गो. आईने शंभरदा विचारला तरी. तोंडाला कुलूप."

सुनंदाला काही कळलं नाही. पण आई पाटावर बसणार एवढं कळलं, आणि तिने मान हलवली.

पहिला दिवस भयंकर होता. दुर्गाच्या पायांना एवढं कापरं सुटलं की बाळ पाळण्यात असल्यासारखं हललं. चित्र आलं. इतक्या स्पष्टपणे आलं की तिने डोळे मिटले, आणि गंगुबाईने तिच्या खांद्यावर चापट मारली, "डोळे उघड. बघ, पोर कुठं हाय नि चित्र कुठं हाय." चार वर्षांपूर्वी ती चित्राशी भांडत असे. आज भांडायची मनाई होती. तिने पाणी घातलं. दाब, मनातलं म्हणालं. तिने पाठ चोळली. दाब. तिने काख धुतली. आंघोळ संपेपर्यंत ती स्वतःच न्हाऊन निघाली होती, घामाने. टाळू त्या दिवशी गंगुबाईनेच भरली. दुर्गा बाहेर येऊन सुनंदाला म्हणाली, "बाळ बरां..." आणि सुनंदाने खरोखर तोंडावर हात ठेवला. दुर्गाला रडू आलं, मग हसू आलं, आणि संध्याकाळपर्यंत ते न विचारलेलं वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. पण रात्री भात जेवताना तिच्या ध्यानात आलं की काटा आपोआप खाली गेलाय.

असे आठ-दहा दिवस गेले. कापरं कमी झालं. चित्र येतच होतं, पण आता ते शेजारच्या खोलीतल्या भांडणासारखं येई. ऐकू येतं, उठून जावं लागत नाही.

आणि मग उजाडली एक मे. मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला त्या दिवशी जे काही झालं ते लिहायला दुसरी वही हवी. चाळीच्या कठड्यांना तोरणं, दिव्यांच्या माळा, ढोल, लेझीम, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवताहेत. रामू सकाळपासून घोषणा देऊन देऊन आवाज घालवून बसला होता आणि नुसते हात हलवत होता. गर्दीमुळे वरळीहून गंगुबाई येऊ शकली नाही.

दहा वाजले. पाणी तापलं. सुनंदा बाळ हातात घेऊन उभी राहिली.

दुर्गा पाटावर बसली. पाय पसरले. कोपर पाण्यात घातलं, काढलं. एकदाच. बाळ घेतलं. आंघोळ झाली, अंग पुसलं, बाळ मांडीवर आलं. तेलाची वाटी जवळ सरकवली. तळव्याने थोपटलं. मग चार वर्षांनी पहिल्यांदा उघडा उजवा अंगठा त्या मऊ जागेवर ठेवला. खाली जीव उडत होता.

आणि चाळीच्या खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

धाड्, धाड्, धाड्. काच थरथरली. अगदी तोच आवाज. दुर्गाचं सगळं अंग छप्पन सालच्या त्या सकाळी जाऊन पोचलं. दाब, ते म्हणालं, याआधी कधी म्हणालं नव्हतं इतक्या मोठ्याने.

सुनंदा दारात उभी होती. तिला गंगुबाईने आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दुर्गाला हे पुढे कळलं.

दुर्गाने बाळाकडे बघितलं. मग अंगठ्याकडे. अंगठा तेल पसरत होता, माशीच्या भाराने, डावीकडून उजवीकडे, जसा पूर्वी पंधरा वर्षं पसरत आला होता. त्याला कुणी थांबवलं नव्हतं आणि कुणी ढकललंही नव्हतं. बाळाने तोंड भलंमोठं उघडून जांभई दिली.

"आई गं," सुनंदा म्हणाली, आणि उंबऱ्यावरच खाली बसून रडली.

"रडतंस कित्या?" दुर्गा म्हणाली. "धुरीक निखारे घाल."

पुढची गोष्ट लांब आहे पण सांगायला थोडी. दुर्गा घाडीने त्यानंतर अठ्ठावीस वर्षं पोरांना न्हाऊ घातलं. गंगुबाई गेली तेव्हा कोळीवाड्यात जाऊन ती त्या घरच्या मोरीचा उंबरा घासून आली. घरच्यांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं. ते चित्र कायमचं गेलं असं तिने कधी म्हटलं नाही. एखाद्या सकाळी येई, विशेषतः अंगात ताप असला किंवा रामूची पाळी बदलली की. आणि तिला दुसऱ्यांचंही दिसू लागलं. एखादी नवी बाळंतीण सुरी उचलून फळीवर उंच ठेवते, मुलाला खिडकीजवळ घेऊन जात नाही, दहादा "बरं आहे ना" विचारते, ते तिला जिन्यावरूनच कळे. ती तिला मोरीत बसवायची, दार ओढून घ्यायची आणि हळूच विचारायची, "काय दिसता गो तुका?" त्या दाराआड काय बोलणं होई ते बाहेर आलं नाही. बाया मात्र डोळे पुसत, आणि पुष्कळदा हसत, बाहेर येत.

काळा दोरा तिने एक दिवस स्वतः कापला. कुशाबांनी विचारलं, "नवस?" ती म्हणाली, "फेडलंय भावोजी. हयच." कुशाबांनी डोकं खाजवलं आणि "व्हय म्हाराजा" म्हणाले.

गिरण्या बंद पडल्या, रामू गेला, चाळीच्या जागी मोठे मजले उभे राहण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. दुर्गा त्याच खोलीत राहिली. शेवटच्या महिन्यात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. सुनंदा उशाशी होती. ज्या मुलाच्या टाळूवर एक मेला अंगठा फिरला होता, तो आता बाप झाला होता. तो आपली वीस दिवसांची मुलगी पणजीला दाखवायला घेऊन आला. सकाळची वेळ, दहाच्या सुमाराची. खाटेजवळ उभं राहून त्याला सुचेना, या आजारी म्हातारीजवळ बाळ द्यावं की नाही. तो सुनंदाकडे बघू लागला. आईचं अंग पुसायला आणलेलं पाणी शेजारच्या स्टुलावर पातेल्यात होतं, त्यात सुनंदाने कोपर बुडवून बघितलं. मग, काय ठरवावं ते न कळून, पुन्हा बघायला गेली.

दुर्गाने डोळे उघडले. दोन्ही हात चादरीवरून वर काढले, अंगठे उघडे, तळवे वर.

"पाणी बघूक नको गो. बरोबर आसा. दी तिका माझ्याकडे."